रेंजच्या काड्या, लॅबच्या किल्ल्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घ्यायचंय, पुढं मोबाइलच्या क्षेत्रातच काम करायचं म्हणते. सांगलीचं वालचंद, साखराळ्याचं राजारामबापू आणि कराडचं शासकीय, अशी तीन कॉलेजं प्रवेशाआधी डोळ्यांखालून घालायचं ठरवलंय. आम्ही शेतकरी माणसं, लॅबमधलं आम्हाला काय कळणार? गेल्यावर नेमकं बघायचं तरी काय?
– एक पालक, विटा

उत्तर : तुम्हाला बरंच कळेल, फक्त जायचा दिवस नीट निवडा. रविवारी गेलात तर इमारत आणि बाग बघून परत याल. आदल्या दिवशी विभागाला फोन करा आणि ‘तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल कधी आहे’ एवढंच विचारा. त्याच वेळेला पोहोचा. विश्रामबागेतलं वालचंद आणि साखराळे एका दिवसात होतात. कराडला वेगळा दिवस द्या.

वालचंद १९४७ चं, कराडचं १९६० चं, राजारामबापू १९८३ चं. जुन्या कॉलेजचे माजी विद्यार्थी जागोजागी भेटतात, त्याचा नोकरीला उपयोग होतो. पण आजची लॅब कशी आहे, ते स्थापनेच्या सालावरून कळत नाही. त्यासाठी लॅबच्या दारात उभं राहून पाच मिनिटं नुसती मोजणी करा.

प्रॅक्टिकलची एक बॅच साधारण वीस मुलांची असते. ऑसिलोस्कोप, म्हणजे पडद्यावर लहर दाखवणारं यंत्र, किती टेबलांवर चालू आहे ते मोजा. दहा असतील तर दोघांत एक आलं आणि दोघांचेही हात चालतील. चारच असतील तर पाच जण एका यंत्राभोवती उभे राहतात. त्यातला एक बटणं फिरवतो आणि चौघं वहीत आकडे उतरवून घेतात. चार वर्षं वही लिहिलेल्या मुलाला मुलाखतीत प्रोब, म्हणजे ऑसिलोस्कोपची टोचणी, हातात दिला की तो अडखळतो. मुलींच्या बाबतीत हे जरा जास्तच बघा. गटात बटणं कोण फिरवतंय आणि लिहून कोण घेतंय, हे तुमच्या मुलीला स्वतः पाहू द्या.

मग लॅब असिस्टंटला स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र, दाखवायला सांगा आणि तो किती गिगाहर्ट्झपर्यंतचा आहे ते विचारा. तीन गिगाहर्ट्झपर्यंतचा असेल तर त्यावर ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे दिसतात, पण ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढं सुरू होतो. तो त्यात दिसणारच नाही. तेवढ्यावरून कॉलेज वाईट ठरत नाही. मात्र माहितीपत्रकात ‘५जी लॅब’ लिहिलं असेल, तर ३३०० ची लहर कशावर बघता, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. २७ ऑक्टोबर २०२३ ला केंद्र सरकारनं देशभरातल्या १०० संस्थांना ५जी यूज केस लॅब जाहीर केल्या. त्या यादीत कॉलेज आहे का, असेल तर ती लॅब कोणत्या वर्षाच्या मुलांना वापरायला मिळते, हेही विचारा.

यंत्रांशेजारी वापराचं रजिस्टर असतं. त्याची शेवटची चार पानं चाळा. तारखा सलग आणि सह्या वेगवेगळ्या असल्या तर यंत्र वापरात आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात असल्या तर काय ते समजा. सोल्डरिंगची टेबलं बघा. बिटा, म्हणजे सोल्डरिंगच्या हत्याराची तापणारी टोकं, काळ्या पडून खड्डे पडलेल्या असतील तर तिथं काम होतंय पण निगा नाही, आणि नव्याकोऱ्या असतील तर कामच होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच वाजल्यानंतर लॅबची किल्ली कोणाकडं असते ते विचारा. जिथं तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं सही करून किल्ली घेऊ शकतात, तिथं मुलं खरोखर काहीतरी बनवतात. आमच्या मते ही एक गोष्ट बाकी दहा गोष्टींइतक्या मोलाची आहे.

कागदांचं थोडक्यात. एनबीए आणि नॅक या शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था. एनबीएची मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते आणि तिला मुदत असते. तुमच्या शाखेची आज चालू आहे का ते बघा. नॅकची श्रेणी मात्र पूर्ण संस्थेची. पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार आणि कॉलेज स्वायत्त आहे का, हे लेखी घ्या. प्लेसमेंटमध्ये सर्वांत मोठा पगार ऐकून घ्या आणि विसरून जा. विचारायचं ते असं : गेल्या वर्षी या शाखेची किती मुलं पास झाली, त्यातली किती हार्डवेअर, टेलिकॉम किंवा एम्बेडेडच्या (यंत्राच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांच्या) कामाला लागली, आणि सगळे पगार चढत्या क्रमानं मांडले तर बरोबर मधल्या मुलाचा पगार किती?

निघण्यापूर्वी होस्टेलच्या खोलीत जाऊन फोनची रेंज बघा. काड्या नव्हे, डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा. तो कुठं दिसतो ते खाली पाटणच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात आहे.

प्रश्न : आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे मिस्ड कॉलवर शेतातली मोटर चालू-बंद करणं. सिम ८०० एल हे सिम घालायचं मॉड्यूल आणि आर्डुइनो हा प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड वापरलाय. कॉलेजात अगदी व्यवस्थित चालतं. शेतावर नेलं की कॉल यायच्या क्षणी मॉड्यूल रीसेट होतं. तीन मॉड्यूल बदलली, तरी तेच.
– तीन विद्यार्थी, वाळवा तालुका

उत्तर : चौथं घेऊ नका, मॉड्यूल बिघडलेलं नाही. त्याला वीज पुरत नाही.

जीएसएमचं, म्हणजे २जीचं, मॉड्यूल सतत प्रक्षेपण करत नाही. दर ४.६१५ मिलिसेकंदांत एकदा, ०.५७७ मिलिसेकंदाचा एक झटका मारतं. त्या झटक्यात ते दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. कॉलेजजवळ टॉवर असला की टॉवरच मॉड्यूलला ‘हळू बोल’ असं सांगतो, म्हणून झटका लहान राहतो. शेतावर टॉवर लांब पडतो, तिथं मॉड्यूल पूर्ण ताकदीनं, ९०० मेगाहर्ट्झवर दोन वॅटनं ओरडतं. लॅबमध्ये चालतं आणि शेतात पडतं, ते एवढ्यासाठीच.

मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, चार व्होल्ट उत्तम. आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून ते चालवत असाल तर दोन चुका एकदम होतायत : व्होल्टेज जास्त आहे आणि करंट अपुरा आहे. ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरी आणि सैल खाचा मिळून ०.२ ओहम सहज होतात. दोन अँपिअरला तिथंच ०.४ व्होल्ट खाल्ले जातात. त्यात पुरवठा थोडा बसला की ३.४ च्या खाली गेलात आणि रीसेट झाला.

आता ‘मोठा कपॅसिटर टाका’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. कपॅसिटर म्हणजे क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा भाग. हिशेब करून बघा. दोन अँपिअर गुणिले ०.५७७ मिलिसेकंद म्हणजे सुमारे १.१५ मिलिकूलंब विद्युतभार. एकट्या १००० मायक्रोफॅरडवर भार टाकला तर व्होल्टेज १.१५ व्होल्टनं पडेल, २२०० वर अर्ध्या व्होल्टनं. म्हणजे कपॅसिटर हवाच, पण तो पुरवठ्याची जागा घेऊ शकत नाही. असं करा : १२ व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर, त्यापुढं तीन अँपिअरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारा बोर्ड (एलएम २५९६ चालेल). मॉड्यूल जोडण्याआधी मल्टिमीटर लावून आउटपुट चार व्होल्टवर आणा. तिथून मॉड्यूलपर्यंत जाड आणि आखूड वायर, चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि ती सोल्डर करा. मॉड्यूलच्या अगदी पायाशी २२०० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेला) कपॅसिटर आणि शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. आर्डुइनोची ग्राउंड बकच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका. निम्मे प्रोजेक्ट इथंच अडतात.

सिग्नलच्या वायरीचंही बघा. आर्डुइनो पाच व्होल्टवर बोलतो, मॉड्यूल २.८ वर. आर्डुइनोच्या टीएक्स, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या, पिनला दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून अर्धे करा, म्हणजे मॉड्यूलला २.५ जातील आणि तेवढे त्याला पुरतात.

जोडणी झाली की शेतावर नेऊन दोन कमांड द्या. ‘एटी प्लस सीएसक्यू’ला ० ते ३१ मधला आकडा येतो, त्याची दुप्पट करून ११३ मधून वजा करा, तेवढे उणे डीबीएम. उत्तर १० आलं तर उणे ९३, काम होईल. सहाच्या खाली असेल तर अँटेना उंच घ्या. ‘एटी प्लस सीबीसी’ मॉड्यूलला मिळणारं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये सांगतं. कॉल चालू असताना ते विचारा. लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला तर नेटवर्कचा शोध चालू आहे, तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नोंदणी झाली.

जिओचं सिम या मॉड्यूलमध्ये कधीच नोंदणार नाही. हे मॉड्यूल फक्त २जीचं आहे आणि जिओकडं २जी नाही. नवीन काही बनवत असाल तर सरळ ४जीवर चालणारं एलटीई कॅट-१ चं मॉड्यूल घ्या. महाग पडेल, पण शेतकऱ्याच्या बांधावर दहा वर्षं टिकायचं असेल तर २जीवर विसंबून चालणार नाही.

राहिला स्टार्टर. एक रिले, म्हणजे आर्डुइनोनं चालवायचा स्विच, हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंदांपुरता. दुसरा रिले लाल बटणाशी एकसरीत (सीरिजमध्ये), नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेलाच. काँटॅक्टरची, म्हणजे स्टार्टरमधल्या मोठ्या स्विचची, कॉइल सुटताना जो झटका येतो त्यानंही मॉड्यूल रीसेट होतं. म्हणून १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसरीत जोडून ती जोडी कॉइलवर टाका. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर कपॅसिटर ४४० व्होल्ट एसी रेटिंगचा हवा, साधा फुटतो. अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर. स्टार्टरच्या आतलं काम परवानाधारक वायरमनकडून, फ्यूज काढूनच करून घ्या, आणि पहिले दोन दिवस मोटरऐवजी बल्ब लावून बघा. चालू मोटरवर प्रयोग करताना विहिरीत पाणी नसेल तर पंप कोरडा फिरून सील जळतं. त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो, प्रोजेक्टवाल्यांना नाही.

प्रश्न : पालखीच्या दिवसांत लोणंद ते फलटण फोनला पूर्ण काड्या दिसतात, पण फोन लागत नाही. चांदोबाच्या लिंबापाशी तर दिंडीतला माणूस चुकला की सापडत नाही. असं का?
– एक वारकरी, तरडगाव

उत्तर : काड्या टॉवरचा आवाज किती मोठ्यानं ऐकू येतो एवढंच सांगतात, टॉवरपाशी किती जण रांगेत उभे आहेत ते सांगत नाहीत. उभ्या रिंगणाच्या वेळी लाखो फोन दोन-चार टॉवरवर येतात. कॉल लावण्याआधी प्रत्येक फोनला टॉवरकडं ‘मला जागा द्या’ अशी हाक मारावी लागते; हाका एकमेकींवर आदळतात, फोन पुन्हा हाक मारतो आणि गर्दी वाढतच जाते. तुम्ही चिडून दहा वेळा रीडायल केलंत तर त्यात भरच पडते.

कंपन्या अशा वेळी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणतात, तरी मुक्कामाच्या गावी संध्याकाळी ते कमी पडतातच. साधा एसएमएस पाठवा. त्याला जागा फार थोडी लागते आणि पोचला नाही तर नेटवर्क तो स्वतःच पुन्हा पाठवत राहतं. फोटो आणि व्हिडिओ रात्री अकरानंतर. दिंडीत दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, आणि चुकामूक झाल्यावर भेटायची खूण सकाळीच ठरवून घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातल्या पट्टीवर दिंडीचा नंबर आणि घरचा फोन लिहिलेला असू द्या. त्याला रेंज लागत नाही.

प्रश्न : आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. अंगणात फोन लागतो, घरात शिरलं की तुटतो. दुकानदार ‘बूस्टर’ घ्या म्हणतो, आठ हजार सांगतोय. घ्यावा का?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : घेऊ नका. परवान्याशिवाय मोबाइलचा बूस्टर बसवणं बेकायदा आहे आणि यंत्र जप्त होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी त्याचा त्रास गावाला होतो, तो कसा ते सांगतो. बूस्टर टॉवरचा आवाज तुमच्या घरात वाढवतो, तसाच तुमच्या घरातला आवाज, त्यात मिसळलेल्या खरखरीसकट, टॉवरकडंही फेकतो. छतावरची अँटेना आणि घरातली अँटेना पुरेशा लांब नसतील तर एकीतलं दुसरीत शिरतं. लाउडस्पीकरसमोर माइक धरला की शीळ घुमते, तसंच हे. ती शीळ टॉवरच्या कानात बसते आणि त्या टॉवरवरच्या सगळ्या गावांचे कॉल तुटायला लागतात. खोऱ्यात टॉवर मुळातच मोजके.

आधी मोजा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस. तिथं सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. काही फोनमध्ये ते स्टेटसच्या आत दडलेलं असतं. आकडा उणे असतो. ४जीला उणे ८५ चांगला, उणे १०५ कमजोर, उणे ११५ च्या पुढं कॉल टिकत नाही. तीन डेसिबल कमी म्हणजे ताकद निम्मी, दहा कमी म्हणजे एक दशांश. अंगण, ओटी, माजघर आणि माळा, चारही ठिकाणचा आकडा सकाळी, दुपारी आणि रात्री लिहा. सिमेंटची भिंत १० ते २० डेसिबल खाते. पत्रा जवळजवळ सगळंच अडवतो, म्हणून पत्र्याच्या घरात खिडकी हाच दरवाजा. अंगणात उणे १०० आणि माजघरात उणे ११८, असं काहीतरी तुमचं निघेल.

मग पट्ट्याचा विचार. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लांब लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. १८०० आणि २३०० कमी, ५जीचा ३३०० त्याहून कमी. फोन ५जीच्या मागं धावत असेल तर नेटवर्क मोड ४जीवर बांधून ठेवा, बऱ्याच घरांत एवढ्यानंच फरक पडतो. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशाला अर्पण झालं. ते ७०० आणि २१०० वर चालतं. जुन्या फोनमध्ये ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, नसेल तर टॉवर गावात असूनही फोनला तो नीट दिसत नाही. दोष नेटवर्कला देण्याआधी फोनच्या खोक्यावर बँड २८ आहे का ते वाचा.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेलं असेल तर घरी जोडणी घेऊन फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. रेंज शून्य असली तरी त्याच नंबरवर कॉल येतो-जातो. फायबर नसेल तर बाहेरच्या अँटेनेची सोय असलेला, सिम घालायचा ४जी राउटर घ्या. तो तुमच्या नावच्या सिमवर चालणारा साधा ग्राहकाचा संच आहे, त्याला बूस्टरचा नियम लागत नाही. लॉग-पिरिऑडिक (एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणारी) अँटेना छपरावर, टॉवरकडं तोंड करून. इथं लोक हमखास चुकतात ते केबलीत. स्वस्तातली आरजी ५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये आठेक डेसिबल खाते, म्हणजे अँटेनेनं मिळवलं ते केबलीनं घालवलं. एलएमआर ४०० घेतली तर तेवढ्याच लांबीत दोनेक जातात. महाग वाटली तर राउटरच माळ्यावर अँटेनेजवळ ठेवा आणि खाली साधी लॅनची वायर आणा. सांध्यांना रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा. पाटणचा पाऊस एका जूनमध्ये केबलीत पाणी भरतो आणि ऑगस्टमध्ये ‘राउटर खराब झाला’ म्हणून तक्रार येते.

प्रश्न : तिसऱ्या वर्षाच्या ५५ मुलांना मोबाइल बनवणारा कारखाना दाखवायचा आहे. जवळपास कुठं मिळेल, आणि तिथं मुलांनी काय बघावं?
– एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : फोनची मोठी जुळणी नोएडा, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर, होसूर आणि कोलारजवळ नरसापूर इथं होते. साताऱ्याहून सगळंच लांब. पण मुलांना शिकायचं आहे ते सरफेस माउंटची, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर भाग मांडून सोल्डर करणारी, लाइन बघून, आणि ती फोनच्या कारखान्यातलीच असायला हवी असं नाही. रांजणगाव आणि चाकण भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत वाहनांचे, मीटरचे बोर्ड याच पद्धतीनं बनतात. रांजणगाव साताऱ्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात परत येता येतं.

पत्र किमान सहा आठवडे आधी जाऊ द्या, मनुष्यबळ विभागाच्या नावानं, प्राचार्यांच्या सहीनं, विद्यार्थ्यांच्या यादीसह. पंचावन्न जण एकदम कोणी आत घेत नाही. २५-३० चे दोन गट करून दोन वेगळे दिवस मागा, होकार लवकर येतो. बंद बूट आणि सुती कपडे. फोनचे कॅमेरे गेटवर स्टिकरनं बंद करतील, म्हणून वही हवी.

आत गेल्यावर मुलांना आधी फ्रीजपाशी थांबवा. सोल्डर पेस्ट, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा धातूचा लगदा, शून्य ते दहा अंशांत ठेवतात आणि उघडण्याआधी चारेक तास खोलीच्या तापमानाला आणतात. घाईनं गार डबी उघडली तर हवेतली वाफ पेस्टमध्ये उतरते आणि भट्टीत ती उकळून सोल्डरचे बारीक गोळे उडतात. पुढं स्टेन्सिलमधून, म्हणजे भोकं पाडलेल्या पातळ पत्र्यातून, पेस्टची छपाई; स्टेन्सिलची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. बोर्डावरच्या दोषांचा मोठा वाटा इथं जन्मतो, म्हणून छपाईनंतर लगेच पेस्टची उंची मोजणारं यंत्र असतं. छपाईनंतर किती बोर्ड पुसून परत पाठवता, हा प्रश्न मुलांनी जरूर विचारावा.

मग भाग मांडणारी यंत्रं. फोनच्या बोर्डावरचा लहान रेझिस्टर ०.४ बाय ०.२ मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. शेवटी भट्टी. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढं वितळतं, शिखर २४० ते २४५ अंश, वितळलेल्या अवस्थेत ४५ ते ९० सेकंद. एका टोकाची पेस्ट आधी वितळली तर भाग थडग्यावरच्या दगडासारखा उभा राहतो. त्याला टूमस्टोनिंगच म्हणतात. बीजीए चिपचे सांधे पोटाखाली असल्यानं डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून एक्स-रे. प्रत्येक टप्प्यावर तापमान मुलांनी स्वतः पडद्यावरून टिपून घ्यावं आणि परत आल्यावर आलेख काढावा. हा आलेख भेटीच्या अहवालातल्या दहा पानांपेक्षा मोलाचा.

स्थिर विजेची गोष्ट तिथंच सांगा. माणसाला ठिणगी जाणवते ती साधारण तीन हजार व्होल्टला, आणि चिप शंभराच्या आसपासही मरू शकते. न जाणवता मारलेली चिप बऱ्याचदा त्या दिवशी चालते आणि गिऱ्हाइकाच्या खिशात दोन महिन्यांनी बंद पडते. म्हणून मनगटाचा पट्टा आणि दारातली तपासणी.

उद्योगाबद्दल मुलांना एवढं माहीत असावं. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकाता ते दिल्ली. श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये बंद पडला. हजारो हात एकदम रिकामे झाले. आयफोनची जुळणी २०१७ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. २०२० मध्ये उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची, पीएलआयची योजना आली आणि निर्यात वाढली. पण प्रोसेसर, मेमरी आणि पडदा अजून मुख्यतः बाहेरूनच येतात. लाइनवरच्या अधिकाऱ्याला विचारायचा खरा प्रश्न म्हणून हा : या बोर्डावरचे कोणते भाग इथं बनतात, आणि बाकीचे इथं बनवायला नेमकं काय अडतं? उत्तरात रसायनं, साचे, स्वच्छ खोली, मागणीची संख्या असं काहीतरी येईल. त्यातूनच एखाद्या मुलीला शेवटच्या वर्षाचा विषय सापडेल.

प्रश्न : बाजारात खिशातला फोन गेला. पोलिसांत दिलंय. आता पुढं काय? आणि दुसरा जुना फोन घेतोय, तो चोरीचा नाही हे कसं ओळखू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा, कारण ओटीपी त्यावरच येणार. मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर हरवलेला फोन ब्लॉक करायचा अर्ज भरा. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, बिल असल्यास बिल, आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, लागतो; दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही. आयएमईआय खोक्यावर आणि बिलावर असतो. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. फोन सापडला तर अनब्लॉक करताना तोच विचारतात. ब्लॉक झालेल्या फोनमध्ये देशात कोणत्याही कंपनीचं सिम टाकलं तरी चालत नाही. यूपीआय आणि बँकेचं ॲप बंद करायला मात्र बँकेला वेगळा फोन लावा, ते यात होत नाही.

जुना फोन घेताना *#०६# दाबा. पंधरा अंकी आयएमईआय येईल. तो खोक्याशी आणि बिलाशी जुळवा. नंतर इंग्रजी अक्षरांत केवायएम, जागा सोडून तो आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तरात दुसरीच कंपनी, किंवा ‘ब्लॅकलिस्टेड’ असं आलं, तर पैसे देऊ नका. हे सगळं दुकानात उभं राहून, पैसे देण्याआधी करायचं. दुकानदार ‘घरी जाऊन बघा’ म्हणाला तर फोन त्याच्या काउंटरवर ठेवून निघा.